घाटावरून प्रयोगशाळेपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. खाली पूर्णा नदीचे काळ्या मातीचे, कपाशीचे खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही गावे तिथली. वर पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. इंग्रजांना कापूस हवा होता, म्हणून रेल्वे खालून गेली. खामगावच्या कापूसबाजारासाठी १८७० साली जलंबपासून वेगळा फाटाही काढला गेला. घाटावर रूळ चढले नाहीत. खामगाव-जालना मार्गाची चर्चा इंग्रजी अमदानीत सुरू झाली, पण त्या मार्गावरून गाडी अजून धावलेली नाही.

शिक्षणाच्या वाटाही याच भूगोलाने ठरवल्या. घाटाखालचा मुलगा गाडीत बसून अमरावती किंवा नागपूर गाठू शकत असे. घाटावरच्या मुलाच्या नशिबी बैलगाडी, नाहीतर मिळेल ती मोटार. शिवाय तो महार, मांग, चांभार किंवा भटक्या जमातीतला असेल, तर शहरात पोहोचल्यावर राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, हा प्रश्न पुस्तकांच्या आधी उभा राही.

याच घाटावर लोणारचे सरोवर आहे. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. हे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद दीड शतक चालला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कौल उल्केच्या बाजूने दिला. साऱ्या जगाचे भूशास्त्रज्ञ ज्या खळग्यासाठी इथे येत राहिले, त्याच्या काठावरच्या मुलाला विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत पदवीचे विज्ञान शिकायचे असेल, तर जिल्हा सोडावा लागत असे. पुढची हकिगत ही ज्यांनी त्याच्यासाठी वाट बांधली त्यांची आहे.

बुलढाणा ज्यात येतो तो वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचा मुलूख. १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता आणि १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजी राज्य आणि पुण्याकडून येणारे विचार या दोहोंच्या मधल्या या पट्ट्यात जोतीराव फुल्यांची सत्यशोधक चळवळ लवकर रुजली. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अमेरिकेतला गुलाम आणि इथला शूद्रातिशूद्र यांना एका ओळीत उभे करण्याची ही पहिली ठळक खूण. नऊ वर्षांनी, १८८२ साली, ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. फुल्यांचे पहिले मराठी चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील चिखलीचे. फुल्यांच्या मूळ प्रदेशापासून इतक्या दूर, रेल्वे नसलेल्या पठारावर, हा विचार वाचला आणि लिहिला जात होता. त्याचा गाभा एकच: शिक्षण ही सरकारची मेहेरबानी नाही आणि कुणा जातीची मालमत्ताही नाही.

विचार पसरला तरी मुलांना राहायला खोली लागतेच. म्हणून महाराष्ट्रात बहुजनांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास महाविद्यालयाच्या आधी वसतिगृहापासून सुरू होतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले. वऱ्हाडात हे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी हाती घेतले. ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले आणि त्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात तेच पुढे होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था पुढे वऱ्हाडभर पसरली. चिखलीचे शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय हे तिचेच.

वसतिगृहाने मॅट्रिकपर्यंतची सोय होत होती. विज्ञानाचे गणित मात्र वेगळे होते. कला शाखेच्या मुलाला दिवसा नोकरी आणि सकाळी वर्ग असे जमवता येई. कविता किंवा इतिहास दिव्याच्या उजेडात घरीही वाचता येतो. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घरी करता येत नाही. प्रयोगशाळेच्या वेळेला प्रयोगशाळेतच हजर राहावे लागते, तेही आठवड्यातून अनेकदा, दुपारभर. फी जास्त, पुस्तके महाग आणि शिकवणे इंग्रजीत. खेड्यातल्या मराठी शाळेत गणित-विज्ञानाचा चांगला मास्तर मिळणे दुर्मीळ, आणि मिळाला तरी त्याच्यापाशी उपकरणे नसायची. म्हणजे विज्ञान घ्यायचे तर मुलाला कमाई थांबवावी लागे आणि घरच्यांना त्याची कमाई विसरावी लागे. शेतमजुराच्या घरी हे जमणारे नव्हते. त्यामुळे जी थोडी दलित मुले पदवीपर्यंत गेली, ती बहुतेक कला आणि कायदा या वाटेने गेली.

हा अडथळा आंबेडकरांनी नेमका ओळखला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक लांबलचक निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजही वाचण्याजोगा आहे. त्यांचे म्हणणे असे की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे काही साधणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि तेच त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार दरवर्षी लाखोंचे अनुदान देते, मग या समाजासाठी काय करते, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मागणीत आकडे होते. देशातल्या विद्यापीठांत आणि तांत्रिक संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. परदेशी विद्यापीठांत याच विषयांसाठी जाणाऱ्यांना वर्षाला १ लाख द्यावेत. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून जागा मिळाव्यात, ही मागणीही त्याच ओघात आली.

मंत्रिपदावरच्या माणसाने स्वतःच्याच सरकारला लिहिलेले हे निवेदन दया मागत नव्हते. त्यात हिशेब होता: अमुक शिक्षण महाग आहे, म्हणून त्याच शिक्षणासाठी पैसा द्या. १९४४-४५ पासून भारत सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दरवर्षी ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि निवडक विद्यार्थी परदेशीही गेले. १९४८-४९ मध्ये ती योजना अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज महाविद्यालयाच्या कार्यालयात मुले ज्याला नुसते ‘जीओआय’ म्हणतात, ती हीच. आता ती सगळ्या शाखांसाठी आहे, पण तिच्या मुळाशी विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठीचे भांडण होते, हे फारसे कुणाला आठवत नाही.

विज्ञान-शिक्षणाच्या याच प्रश्नावर समुद्रापलीकडे, अमेरिकेत, काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ पासून घराघरांत पोहोचवलेले काळे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. ती संस्था बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली काढली होती. दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे काळ्या मुलांना दार उघडत नव्हती, म्हणून यादवी युद्धानंतर काळ्यांची स्वतंत्र महाविद्यालये उभी राहिली. १८९० च्या कायद्याने राज्यांना सांगितले की कृषी आणि तांत्रिक शिक्षणासाठी केंद्राकडून पैसा हवा असेल, तर एक तर काळ्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा. बहुतेक दक्षिणी राज्यांनी दुसरी वाट धरली. भेदभावातून जन्मलेल्या या संस्थांनी पुढे उलटा परिणाम दाखवला. अमेरिकेतल्या एकूण महाविद्यालयांत त्यांचा वाटा तीनेक टक्क्यांचा आहे, पण विज्ञान-अभियांत्रिकीच्या काळ्या पदवीधरांत त्यांचा वाटा कितीतरी पटींनी मोठा आहे. त्यामागे एखादी चमत्कारी अध्यापनपद्धती नाही. मुलाची तयारी कमी आहे असे गृहीत धरून शिकवायला सुरुवात करणे, उन्हाळ्यात गणिताचे पूर्ववर्ग घेणे, पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत जागा देणे, आणि अडला की ज्याच्याकडे जाता येईल असा शिक्षक हाताशी ठेवणे, इतकेच.

आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य बोलून दाखवले. डु बॉइस स्वतः टेनेसीतल्या फिस्क या काळ्यांच्या विद्यापीठात शिकलेले होते. आंबेडकरांनी मात्र वेगळ्या जातीचे वेगळे महाविद्यालय, असा मार्ग धरला नाही. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. पुढच्या जूनमध्ये मुंबईत, लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींत, सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. प्रवेश सगळ्यांना होता. नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले गेले. रचना अशी की गरीब मुलाने महाविद्यालयाशी जुळवून घेण्याऐवजी महाविद्यालयानेच आपली वेळ त्याच्याशी जुळवून घेतली.

मुंबईनंतर आंबेडकरांची नजर औरंगाबादवर गेली. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच होती. जून १९५० मध्ये तिथे महाविद्यालय सुरू झाले, कला आणि विज्ञान दोन्ही शाखांचे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. बौद्ध भिक्खू नागसेनाला बिनतोड प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव महाविद्यालयाला मिळाले आणि परिसर झाला नागसेनवन. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. तोवर इथल्या मुलांची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची असे.

बुलढाण्याच्या घाटावरच्या मुलासाठी ही गोष्ट किती मोठी होती, ते नकाशावर पाहावे. १९५० साली बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर. सिंदखेड राजाहून औरंगाबाद शंभर किलोमीटरच्या आत, नागपूर त्याच्या तिपटीहून लांब. देऊळगाव राजाहून जालन्याकडे निघालेला मुलगा काही मैलांत मध्य प्रदेशातून हैदराबाद राज्यात शिरे. सरकारे वेगळी, विद्यापीठे वेगळी, पण बोली एक आणि अंतर थोडे. मिलिंदच्या वसतिगृहांत मराठवाड्याबरोबर विदर्भ आणि खानदेशची मुलेही येऊ लागली.

तिथे मुलाच्या वाटेतला एकेक धोंडा बाजूला करण्याची शिस्त होती. प्राचार्य म. भि. चिटणीस ‘युगयात्रा’ हे नाटक लिहून मुलांकडून बसवून घेत, आणि त्याच आवारात प्रयोगशाळाही चाले. महाविद्यालयात येणाऱ्या मुलांची पूर्वतयारी कच्ची पडते हे दिसताच १९५५ साली मिलिंद बहुउद्देशीय हायस्कूल सुरू झाले. पुढे कला आणि विज्ञान यांची स्वतंत्र महाविद्यालये झाली. तळाशी शाळा, वर महाविद्यालय, बाजूला वसतिगृह, आणि हे सगळे एका आवारात. कार्व्हर जिथे शिकवत त्या टस्कीगीची रचना याहून फार वेगळी नव्हती.

मग आला १९५६ चा ऑक्टोबर. १४ तारखेला नागपुरात आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोक त्यांच्यामागून गेले. बुलढाण्याच्या गावागावांतून माणसे नागपूरला गेली. १ नोव्हेंबरला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांत घाटावरच्या दलित विद्यार्थ्याचा धर्म बदलला, राज्य बदलले आणि आधारवड कोसळला. त्याच वेळी एक कायदेशीर पेच उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या यादीत तेव्हा फक्त हिंदू आणि शीख बसत. बौद्ध झालेला मुलगा त्या यादीबाहेर गेला. ज्या माणसाने ती शिष्यवृत्ती मिळवून दिली, त्याच्या मागे धम्मात गेलेल्यांचाच त्या यादीवरचा हक्क संशयात आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० साली, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मधली तीस वर्षे घाटावरच्या बौद्ध विद्यार्थ्याला राज्याची दारे उघडी होती आणि केंद्राच्या नोकरीत मात्र खुल्या स्पर्धेला उतरावे लागे. चव्हाणांच्याच कारकिर्दीत, १९५९ साली, जातीचा विचार न करता वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरच्या मुलांना फी माफ झाली. लोकांनी त्याला ‘ईबीसी’ हे नाव कायमचे दिले. बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या कितीतरी मुलांना याच सवलतीने पदवीचा उंबरठा ओलांडू दिला.

दरम्यान जिल्ह्यातही विज्ञानाची ठाणी उभी राहत होती. खामगावात १९४७ साली जी. एस. महाविद्यालय सुरू झाले. नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ पासून चालू होती. औरंगाबाद आणि नागपूरला १९६० च्या सुमारास, अमरावतीला १९६४ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तरीही बुलढाण्याच्या मुलासाठी अभियांत्रिकी म्हणजे घर सोडणे, हेच समीकरण राहिले. ते मोडले १९८३ साली, जेव्हा शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. भाविकांच्या दानावर चालणाऱ्या संस्थेने दवाखान्याबरोबर अभियांत्रिकीचे शिक्षणही आपल्या सेवेत धरले, हा वऱ्हाडाचा खास नमुना. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही स्थापन झाले.

१९८०च्या दशकात विनाअनुदानित संस्थांचे पेव फुटल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. जागा मुबलक झाल्या आणि फी वाढली. राखीव जागेवर प्रवेश मिळाला, तरी पहिल्या सत्राचे गणित आणि इंग्रजीत लिहिलेले भौतिकशास्त्र समोर येऊन बसे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला ‘संवेग’ कळलेला असतो, पण तीच गोष्ट इंग्रजी शब्दात आली की वर्गात हात वर करायची हिंमत होत नाही. पहिल्या वर्षी विषय राहिले की शिष्यवृत्ती अडकते, शिष्यवृत्ती अडकली की फी थकते, आणि फी थकली की मुलगा गावी परततो. गावात लोक म्हणतात, त्याला झेपले नाही. खरे तर झेपवण्याची यंत्रणा आपण बांधलेली नसते.

शासनाने हे थोडेफार ओळखले आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना भाड्याने राहून जेवता यावे म्हणून स्वाधार योजना आली. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्राने ६० आणि राज्याने ४० टक्के उचलावा असे ठरवले आणि पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटी रुपयांचा आराखडा मांडला. त्याआधी बहुतेक भार राज्यांवर पडत असे आणि पैसे वर्ष उलटून येत. नियमानुसार पैसा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जायला हवा. तो वेळेवर गेला, तरच ती शिष्यवृत्ती. सहामाही संपल्यावर आलेली रक्कम मुलाच्या नाही, सावकाराच्या उपयोगी पडते.

माणसे मात्र अजूनही वाट बांधत आहेत. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे हे भटक्या जमातीतल्या, न शिकलेल्या शेतकरी आई-बापांचे चिरंजीव. त्यांनी २०१७ साली ‘एकलव्य’ ही संस्था उभी केली. घरातून पहिल्यांदाच शिकायला निघालेल्या खेड्यातल्या मुलांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची, अर्जांची, मुलाखतींची तयारी करून देणे, हे तिचे काम. केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन आले. त्यांच्या कामात नवे काही नाही, हीच त्याची ताकद. फी माफ झाली की काम संपले, हा समज ही संस्था मोडते. अर्ज कसा भरायचा, मार्गदर्शक कोण, गावाबाहेर पहिली रात्र कुठे काढायची, ही सगळी माहिती ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथल्या मुलाला ती फुकट मिळते. ज्यांच्या घरात ती नव्हती, त्यांना ती कुणीतरी द्यावी लागते.

या सगळ्या हकिगतीतून एक गोष्ट सातत्याने पुढे येते. शाहू महाराजांनी वसतिगृह दिले, पंजाबरावांनी पंगत दिली, आंबेडकरांनी प्रयोगशाळा आणि तिच्यासाठी लागणारा पैसा मागितला, चव्हाणांनी फी माफ केली, शेगावने जवळ अभियांत्रिकी आणली. यातले प्रत्येक पाऊल कुठल्या तरी नेमक्या अडचणीचे उत्तर होते. जिथे उत्तर नेमके होते, तिथे मुले पुढे गेली. जिथे नुसती जागा दिली आणि बाकी मुलाच्या हिंमतीवर सोडले, तिथे गळती झाली. १९४२ च्या निवेदनात आंबेडकरांनी समान संधीची गोड भाषा वापरली नव्हती, विज्ञानाला किती पैसे लागतात ते लिहिले होते. आज बुलढाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने किती राखीव जागा भरल्या, हा आकडा सहज मिळतो. पहिल्या वर्षाला आलेल्या त्या मुलांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली आणि न करणाऱ्यांना नेमके काय आडवे आले, हे विचारायला लागलो, तर ऐंशी वर्षांपूर्वीचा तो हिशेब आपण पुढे चालवतो आहोत, असे म्हणता येईल.